दादा, चित्रं तू काढ

प्रिय दादा,

फोनवर तू कपाशी, पाऊस आणि आईचे गुडघे यापलीकडे बोलत नाहीस, म्हणून पत्र. आपला टीव्ही गेम आठवतो? गावी आंजीत लाईन गेली की पोरं अंगणात पळायची आणि तू पेचकस घेऊन तो उघडायचास. चिप दिसेल वाटलं होतं, निघाला नुसता काळा ठिपका. "याच्यात लिहिते कोण?" असं विचारलं होतंस. तेव्हा कोणाकडे उत्तर नव्हतं. आता माझ्याकडे आहे.

आपला तो डबा म्हणजे निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल. मूळ यंत्र जपानात १९८३ साली आलं. प्रोसेसर ६५०२ जातीचा, कामाची मेमरी फक्त २ केबी! त्याच्यासाठी लिहायला लागणारा सीसी६५ हा संच फुकट मिळतो, मी तो बसवलाय. त्यातला सीए६५ आपण लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या भाषेत आणतो, एलडी६५ त्या ठरल्या जागी मांडतो. साध्या कॅसेटची मांडणी अशी: फाइलीच्या सुरुवातीला १६ बाइटची ओळख, मग ३२ केबी प्रोग्राम, मग ८ केबी चित्रं. प्रोग्रामच्या शेवटच्या ६ बाइटांत तीन पत्ते असतात. यंत्र चालू झाल्यावर कुठून सुरुवात करायची, तो त्यातलाच एक. हेच यंत्र संगणकावर उभं करणाऱ्या मेसेन नावाच्या एम्युलेटरमध्ये तर चालता खेळ थांबवून मेमरीतला बाइट न् बाइट पाहता येतो. तुला हेच पाहायचं होतं ना रे?

रुसवा एकच आहे. तू पेचकस ठेवून दिलास. बाबा गेले, शेत तुझ्यावर आलं, माझी फी तूच भरलीस. आज मला जे येतं ते त्या फीमुळे, हे मी विसरेन का? पण "आपल्याले काय जमते" असं तू म्हणावंस? १९३७ साली आपल्या वर्ध्यातच गांधीजींनी हातानं काम करत शिकण्याची नई तालीम मांडली. तुला तर ती कोणी न शिकवताच येत होती.

तर ऐक. चित्रं तू काढ. एक तुकडा ८ बाय ८ चौकोनांचा. पारदर्शक धरून चारच रंग. तुझ्या छोटीकडून आलेखाचे कागद घे. बैल काढ, कापसाचं बोंड काढ, आपली विहीर काढ. वहिनीला फोटो पाठवायला सांग, प्रोग्राममध्ये मी बसवते. वेचणी आटोपली की लॅपटॉप घेऊन येते. पहिला खेळ दोघांचा. दुसरा तू लिहायचास, मी शेजारी बसेन.

तुझी,
धाकटी