घरच्या दुधासाठी शेळी

नोकरीतून निवृत्त झालेल्या मनुष्यास दोन मोह आवरत नाहीत. लहानपणी जे राहून गेले ते आता करावे, हा एक. आणि आपण ते इतरांपेक्षा चांगले करू, असे मानावे, हा दुसरा. या दुसऱ्या मोहाने माझ्या घरी एका मुक्या जिवाचा बळी घेतला. ती हकीकत सांगण्यात मला भूषण नाही. परंतु घरच्या दुधासाठी शेळी पाळू इच्छिणाऱ्या एखाद्या कुटुंबास तिचा उपयोग होईल, म्हणून ती लिहीत आहे.

आमचे कुटुंब बडोद्याचे. या शहरात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत, आणि आमचे त्यांपैकीच एक. आई मात्र तुळजापूरकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन येथे आली. २०१९ साली मी निवृत्त झालो आणि शहराबाहेर, मागे थोडे अंगण असलेल्या घरात आम्ही राहावयास गेलो. घरात तीनच माणसे: मी, पत्नी आणि वयाची ऐंशी ओलांडलेली आई. २०२१ च्या उन्हाळ्यात आईला मोठे दुखणे आले. त्यातून ती उठली, पण अन्नावरची वासना गेली. म्हशीचे दूध तिला जड वाटे. एके दिवशी ती सहज म्हणाली, “आमच्या काळीच्या दुधाचा चहा मिळाला असता, तर घेतला असता बघ.”

काळी म्हणजे तिच्या माहेरची शेळी. डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, “शेळीच्या दुधातील स्निग्ध कण बारीक असतात, त्यामुळे काहींना ते हलके वाटते. अवश्य द्या, मात्र उकळून द्या, आणि ते औषध आहे असे मानू नका.” गांधीजींचेही उदाहरण मला आठवले. १९१८ साली आमच्या शेजारच्याच खेडा जिल्ह्यात ते अत्यवस्थ झाले होते. गाईम्हशींचे दूध न घेण्याचे त्यांचे व्रत असल्यामुळे पुढे कस्तुरबांनी शेळीच्या दुधाची वाट सुचविली, आणि १९१९ च्या प्रारंभापासून ते दूध त्यांच्या आहारात आले. एवढे आधार मिळाल्यावर मी शेळी आणण्याचे ठरविले.

आता कोणती शेळी? मी पुस्तके चाळली आणि जमनापारीच्या चित्रावर लुब्ध झालो. उंच बांधा, पोपटाच्या चोचीसारखे बाकदार नाक, वीतभराहून लांब लोंबते कान आणि मागल्या मांड्यांवर केसांचे झुबके! दिवसाला दीड-दोन लिटर दूध देणारी ही जात. इंग्लंडमधील अँग्लो-नुबियन शेळ्यांच्या घडणीतही हिचे रक्त वापरले गेले. झाले, माझा निश्चय ठरला. एका बाजारातील व्यापाऱ्याकडून महिन्याभराच्या करडासह मी तशी एक शेळी आणली. एका महिन्याचे निवृत्तिवेतन तिच्यात गेले. पत्नी एवढेच म्हणाली, “अहो, ही आपल्या अंगणात मावेल का?” मी हसून तो प्रश्न उडवून लावला.

पहिल्या सकाळी जवळजवळ दोन लिटर दूध निघाले. आईने चहा घेतला आणि तिच्या मुद्रेवर कित्येक महिन्यांनी समाधान दिसले. परंतु दुसऱ्या दिवशी दूध सव्वा लिटरवर आले, आणि आठवड्याने पाऊण लिटरवर. कास भरलेली दिसावी म्हणून व्यापाऱ्याने आदल्या दिवशी धारच काढली नव्हती, हे मला मागाहून कळले. तथापि सारा दोष त्याच्यावर ढकलणे अन्यायाचे होईल. जमनापारीचे घर इटावा जिल्ह्यातील चकरनगरच्या परिसरात, यमुना आणि चंबळ यांच्या मधल्या ओघळींत आहे. तेथे बोरी-बाभळींचा पाला ओरबाडीत दिवसभर हिंडणारा हा प्राणी मी चार हात दाव्याने अंगणात बांधला. शेळी ही कळपात राहणारी. ती एकटी पडली. वर पावसाळा लागला होता आणि जमीन ओली होती. ती खाईना आणि दिवसभर ओरडत राही.

या सर्वांहून मोठी चूक मी केली ती अशी: दूध उतरले, तरी आईच्या चहाचे माप मी उतरू दिले नाही. उणे झाले ते करडाच्या वाट्यातून झाले. आम्ही धार काढून घेत असू आणि मग करडू सोडीत असू. ते रिकाम्या कासेला ढुशा मारी, आणि मी त्याचा खेळकरपणा पाहून कौतुक करी! पंधरा दिवसांत त्याला हगवण लागली. पशुवैद्यांनी औषध दिले, पण अंगात त्राण नव्हते. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

आईने त्या दिवशी चहा परत केला. “तिच्या लेकराच्या तोंडचं काढून मला नको, बाबा,” एवढेच ती बोलली. तिने मला बोल लावला असता, तर बरे वाटले असते.

आमच्या घरामागे भरवाडांची वस्ती आहे. तेथील एका वृद्ध स्त्रीला सारे ‘मा’ म्हणतात. तिने आमची शेळी आपल्या कळपात नेली, आणि महिन्याभरात ती तेथे सावरली. मी तिला ती तशीच ठेवून घेण्यास सांगितले. त्या वेळी मा आपल्या गुजराती बोलीत मला जे म्हणाली, त्याचा आशय असा: “भाई, तू शेळीचे कान पाहिलेस, आपले अंगण पाहिले नाहीस.”

त्या एका वाक्याने माझ्या विचाराची दिशा बदलली. आपल्या देशात शेळ्यांच्या तीन डझनांहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. त्यांतील सर्वांत उत्तम कोणती, हा प्रश्नच मुळी चुकीचा आहे. आपल्याजवळ जागा किती, चरावयास रान आहे की नाही, हवा कशी आणि घराची गरज किती, हे आधी विचारावे; मग उत्तर पुष्कळसे आपोआप मिळते. पंजाबात गुरदासपूर-अमृतसरकडच्या कुटुंबास बीटल जवळची. ती मोठ्या अंगाची आणि भरपूर दुधाची आहे. राजस्थानात अलवरकडे जखराना दुधासाठी नावाजलेली आहे. आग्रा, मथुरा, एटा या भागात आणि उत्तरेकडील शहरांतील तोकड्या जागेत बारबरी शोभते. तिचा बांधा ठेंगणा, कान उभे, अंगावर पांढऱ्यावर तपकिरी ठिपके. लिटरभर दूध देते, बांधून ठेवली तरी कुरकुरत नाही, आणि जुळी करडे तिला वरचेवर होतात. केरळात मलबारी आहे. महाराष्ट्रात धाराशिव, लातूर, सोलापूर या कोरड्या भागांत उस्मानाबादी टिकाव धरते. दूध अर्धा ते एक लिटरच, पण चारा थोडा आणि प्रकृती काटक. संगमनेरी नाशिक-पुणे-अहिल्यानगरची, तर सिंधुदुर्गाच्या पावसात कोकण कन्याळ. स्वित्झर्लंडची पांढरी सानेन दुधात या सर्वांना मागे टाकते. परंतु आपला उन्हाळा तिला सोसत नाही, आणि सामान्य गृहस्थास तिची निगा परवडत नाही.

आणि आमच्यासाठी? ज्या जातीच्या मुलखात मी जन्म घालविला, तिच्याकडेच माझे लक्ष गेले नव्हते. सुरत, भरूच, बडोदे या भागाची सुरती शेळी! पांढरी, मध्यम बांध्याची, भरदार कासेची. लांबवर चालणे तिला जमत नाही, म्हणून रानात चारणाऱ्याला ती गैरसोयीची. पण अंगणात बांधून खाऊ घालणाऱ्याला हाच तिचा गुण ठरतो. चांगली सुरती दिवसाला एक ते दीड लिटर दूध सहज देते.

खरेदीस या वेळी मी माला बरोबर नेले. तिने मला जे शिकविले, ते थोडक्यात असे: शेळी बाजारात न घेता पाळणाऱ्याच्या दारात घ्यावी आणि शक्य तर तिची आई पाहावी. दुसऱ्या वेताची, चार दाती, म्हणजे अदमासे दोन वर्षांची शेळी उत्तम. तिचे दूध आजमावता येते आणि पुढची वेतेही हाती राहतात. कास मोठी दिसते यावर न भुलता, संध्याकाळची धार आपल्यासमोर काढवावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पुन्हा पाहावी. धार काढल्यावर कास रिकाम्या पिशवीसारखी मऊ पडावी. हाताला गाठी लागल्या, तर ती शेळी घेऊ नये. दोन्ही सड सारखे असावेत. पहिल्या चार धारा काळ्या फडक्यावर घ्याव्यात. गुठळ्या दिसल्या, तर कासेचा रोग समजावा. मी दोन धारा पाहिल्या, मापाने मोजल्या आणि मगच पैसे दिले. या खेपेस एक नव्हे, दोन शेळ्या आणल्या: एक नुकती व्यालेली आणि दुसरी गाभण.

दोन का, ते सांगतो. शेळी पाच महिने गाभण राहते, आणि विण्यापूर्वी दोन महिने तिचे दूध आटवावे लागते. म्हणजे एकाच शेळीवर बारमाही दुधाची आशा धरता येत नाही. दोघींची विण्याची वेळ निरनिराळी ठेवली, तर घरात दूध खंडत नाही. शिवाय त्यांना परस्परांची सोबत होते, आणि ते रात्रंदिवसाचे ओरडणे थांबते.

दुधाचा हिशेब मात्र मी आता करडापासून सुरू करतो. जन्मल्यावर पहिल्या तासाच्या आत त्याला चीक मिळालाच पाहिजे. पुढे दिवसाकाठी त्याच्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतके दूध त्याचे. पाच किलोच्या करडाला अर्धा लिटर. दोन करडे असतील, तर लिटर त्यांचाच! म्हणजे दीड लिटरच्या शेळीचे आरंभी अर्धा लिटरच आपल्या हाती येते. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास करडे पाल्यावर तुटली, म्हणजे आपला वाटा वाढतो. ज्याला हा धीर नाही, त्याने शेळी न पाळता दूध विकत घ्यावे. त्यात काही कमीपणा नाही.

बाकीची निगा फार अवघड नाही. गोठ्याची जमीन उंच आणि कोरडी असावी. पाला उंच टांगून द्यावा. जमिनीवर तुडविलेला शेळी तोंडात घेत नाही. आम्ही कुंपणाला शेवरी आणि सुबाभूळ लावली आहे. सुबाभूळ मात्र सर्वस्वी चारू नये. इतर चाऱ्यात मिसळून बेतानेच द्यावी. बरोबर तुरीचे भुसकट आणि दुभतीला मूठभर पेंड व भरडा. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस, पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे पीपीआरची लस आणि जंताचे औषध, यांत कसूर करू नये. दुधाला वास येतो अशी पुष्कळांची तक्रार असते. बोकड दूर ठेवला, कास धुतली आणि दूध लगेच गाळून उकळले, तर ती राहत नाही.

एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. शेजारची एक तरुण माता आपल्या चार महिन्यांच्या बाळासाठी दूध मागावयास आली होती. पत्नीने तिला पाण्याचा पेला देऊन बसविले, पण दूध दिले नाही. शेळीच्या दुधात फॉलिक आम्ल फार थोडे असते. केवळ त्यावर वाढविलेल्या तान्ह्या मुलांच्या अंगात रक्त कमी होते. गाईचे दूध ज्या बाळास बाधते, त्यास बहुधा शेळीचेही बाधते. वर्षाच्या आतील बाळाला आईचे दूध, आणि ते नसेल तर डॉक्टर सांगतील ते, हाच मार्ग खरा. ती बाई थोडी रागावली. पुढे डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर आमच्याकडे पुन्हा येऊ लागली.

नव्या शेळ्या आल्यावरही आईने महिनाभर चहाला हात लावला नाही. ती संध्याकाळी गोठ्याजवळ खुर्ची टाकून बसे आणि करडे पिताना पाहत राही. एके दिवशी त्यांची पोटे भरली आणि ती उड्या मारू लागली. तेव्हा तिने आत हाक मारली, “आता उरलं असेल, तर घोटभर दे गं.”

आजही तिचा हा क्रम चालू आहे. आधी गोठा, मग चहा. माझे मोजमाप ती मानीत नाही. करडांच्या पोटावरून हात फिरविते आणि त्यावरून आपल्या कपाचा अंदाज घेते. तिचा अंदाज माझ्या मापाशी बहुधा जुळतो.