जवारी नसलेलं वाद्य

मी साताऱ्याची आणि माझे नाना सतारींच्या गावचे, म्हणजे मिरजेचे. या कोटीवर आता आमच्या घरात कुणी हसत नाही. नाना म्हणजे आईचे वडील. सतारमेकर गल्लीतल्या एका कारखान्यात त्यांनी 40 वर्षं तंबोऱ्यांची जवारी काढली.

गेल्या महिन्यात माझं अमेरिकेतलं अ‍ॅडमिशन पक्कं झालं. सगळ्यांना सांगून झालं, फक्त नानांना सोडून. तेच सांगायला रविवारी कोयना एक्सप्रेसमध्ये बसले.

कराड सुटल्यावर मोबाइलवर ड्वोर्झाकचा चेलो कॉन्चेर्तो लावला. एका मैफलीचं रेकॉर्डिंग होतं. हा चेक माणूस 1892 मध्ये न्यूयॉर्कला संगीतशाळेचा संचालक म्हणून गेला. पगार भरपूर होता, पण मन घरी. 1894-95 च्या हिवाळ्यात त्याने तिथेच हे लिहिलं. मेहुणी योसेफिना आजारी असल्याचं कळलं, तेव्हा तिच्या आवडत्या गाण्याची सुरावट त्याने दुसऱ्या भागात गुंफली. एप्रिलमध्ये तो घरी परतला. मे महिन्यात ती गेली. मग त्याने शेवट बदलला. तिचं गाणं पुन्हा एकदा हळूच येतं आणि चेलो विझत जातो. ज्या वादकासाठी ते लिहिलं, त्याला शेवटाजवळ आपली करामत दाखवायची होती. ड्वोर्झाकने साफ नाही म्हटलं.

किर्लोस्करवाडी मागे पडली तेव्हा ते संपलं. सांगली येईपर्यंत मी दुसरं काही लावलं नाही.

नाना ओसरीत जुना तंबोरा घेऊन बसले होते. तारेखाली सुती दोरा सरकवत होते. त्या दोऱ्याला ‘जीव’ म्हणतात. केसभर इकडेतिकडे झाला की तार मुकी होते, जागेवर बसला की घुमते. मी एक इअरफोन त्यांच्या कानात घातला.

बराच वेळ ऐकून म्हणाले, "याला जवारी नाही गं."

"नाही. घोडी उभी असते, पातळ."

"तरीच. आवाज लपायला जागाच नाही."

मग मी त्यांना ती गोष्ट सांगितली. त्यांनी विचारलं, "गेला का मग तो घरी?"

"गेला."

"वेळेवर?"

मला उत्तर देता येईना. महिनाभर भेटायचं हिचं पोचायचं राहील का, हाच तर हिशेब मी डोक्यात करत होते. नाना 81 वर्षांचे आहेत. कोर्स दोन वर्षांचा.

त्यांनी दोरा पुन्हा थोडा सरकवला, तार छेडली. आता घुमली.

"तुझी आई बोलली मागच्या आठवड्यात," ते म्हणाले. "तू कधी सांगतेस, वाट बघत होतो."

मी मान खाली घातली. त्यांनी इअरफोन पुन्हा कानात नीट बसवला.

"लाव परत. ते शेवटचं लाव."