गाठ आणि गुठळी

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास दूरध्वनी खणखणला. आमच्या धर्मग्रामातील एका बाईंचा आवाज होता. "फादर, ह्यांना दवाखान्यात आणलंय. फुप्फुसात गाठ निघाली. तेल घेऊन या." पुढचे शब्द हुंदक्यात बुडाले.

त्यांचे पती चाकणच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. तीन आठवड्यांपूर्वी तळेगाव-चाकण रस्त्यावर दुचाकी घसरून त्यांच्या पायाचे हाड मोडले होते आणि मांडीपर्यंत प्लास्टर चढले होते. मधल्या काळात आम्ही त्यांना घरी भेटून आलो होतो. पोटरीत सारखा ठणका लागतो, अशी त्यांची तक्रार होती. "हाड जुळून येताना दुखायचंच," असे सांगून, चहा घेऊन, आशीर्वाद देऊन आम्ही परतलो होतो. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. आम्हांला ते विसरता आलेले नाही.

पवित्र तेलाची कुपी आणि स्टोला घेऊन आम्ही रुग्णालयात पोहोचलो. तातडीच्या विभागात एका पडद्याआड ते बसलेले होते. नाकाला प्राणवायूची नळी, श्वास तोकडा. आमच्या हातातील कुपीकडे त्यांची नजर गेली आणि चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे संपलं तर," एवढेच ते म्हणाले. डॉक्टरांनी अजून उच्चारले नव्हते ते आमच्या कुपीने सांगून टाकले होते. हा संस्कार आजाऱ्यांसाठी आहे, केवळ मरणाऱ्यांसाठी नव्हे, हे पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली नव्या विधीद्वारे स्पष्ट केले. आम्हीही प्रवचनातून ते कितीदा तरी सांगितले असेल. पण लोकांच्या तोंडी अजून 'शेवटचे तेल' हाच शब्द आहे.

आत नेमके काय घडले होते ते हळूहळू उलगडत गेले. कामावरचा डॉक्टर तरुण होता. शेजारी सर्पदंशाचा एक रुग्ण, पलीकडे महामार्गावरील अपघाताचे दोघे. सीटी स्कॅनचा अहवाल हाती येताच त्याने बाईंना उभ्याउभ्या सांगितले, "फुप्फुसात गाठ अडकली आहे. सिरियस आहे. चोवीस तास काही सांगता येणार नाही. इथे सही करा." यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण मराठी माणसाला 'गाठ' म्हटले की काय ऐकू येते? बाईंची थोरली बहीण स्तनातील गाठीने गेली होती. त्यांनी कर्करोग ऐकला, तोच घरी कळवला, तोच आम्हांला कळवला आणि नवऱ्यापासून मात्र लपवला. लपवलेले कळत नाही असे थोडेच असते!

त्या तरुणाला दोष देण्यास आमचे मन घेत नाही. रोग्याला वाईट बातमी कशी सांगावी, याची पद्धतशीर शिकवण वैद्यकात उशिराच आली. रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेली सहा पायऱ्यांची रीत प्रसिद्ध आहे. पण ती जन्मली कर्करोगाच्या दालनात. तिथे स्वतंत्र खोली असते, खुर्ची असते, पुढच्या भेटीची तारीख असते. तातडीच्या विभागात असतो एक पडदा, आणि तोही धड सरकत नाही. आपल्या देशात एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांना वर्तन, नीती आणि संवाद यांचे पाठ अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मिळू लागले ते २०१९ पासून. त्याआधी शिकून गेलेल्यांनी हे कुठे शिकावे?

थोड्या वेळाने एक वडीलधाऱ्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी आधी स्टूल ओढले आणि बसल्या. मग विचारले, "काका, तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय?"

"मला कुणी काही सांगत नाही. पण कॅन्सर आहे, हे समजलंय."

"कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. हे दोन शब्द त्या पतिपत्नींच्या आत उतरेपर्यंत त्या थांबल्या. "पाय तीन आठवडे हलला नाही, म्हणून पोटरीच्या शिरेत रक्त साकळलं. त्याची गुठळी झाली. तिचा तुकडा सुटला आणि वाहत छातीत आला. पाटात गवताचा पेंढा अडकला की पुढचं पाणी अडतं ना, तसं झालंय. म्हणून दम लागतोय. हे गंभीर आहे, पण यावर उपचार आहेत."

इंजेक्शन चालू केले आहे, ते गुठळी विरघळवत नाही, तिला वाढू देत नाही. विरघळवण्याचे काम शरीर स्वतःच सावकाश करते, असे त्यांनी सांगितले. "याहून जोरदार औषध आहे. पण त्याने मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. तुमचं ब्लडप्रेशर टिकून आहे, म्हणून आज ते देत नाही. ते घसरलं तर द्यावं लागेल, आणि तेव्हा समजावत बसायला वेळ नसेल. म्हणून आत्ताच सांगून ठेवते." मग त्या बाईंकडे वळल्या. "काकू, मुलीला आता फोनवर काय सांगाल? मला सांगून दाखवा." बाईंनी सांगून दाखवले. एक चूक झाली, ती दुरुस्त केली. आम्ही घड्याळ पाहिले होते. सात मिनिटे लागली.

त्यानंतर काकांनीच आम्हांला खुणावले. "फादर, आता लावा तेल. आता भीती नाही."

'थ्रॉम्बोसिस' आणि 'एम्बोलिझम' हे शब्द एकोणिसाव्या शतकात रूढ केले ते जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्को यांनी. त्यांचा जन्मदिवस, १३ ऑक्टोबर, हा २०१४ पासून जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळला जातो. फिर्कोंनी शास्त्रज्ञांना शब्द दिले; मराठीत मात्र 'गाठ' आणि 'गुठळी' यांच्यामध्ये उभी राहून एक बाई अर्धी रात्र रडली.

शब्दांचा फेरा तिथेच संपला नाही. काका घरी आले, निदान तीन महिने घ्यायच्या गोळ्या घेऊन. पंधरवड्याने आम्ही गेलो तर गोळ्या तीन दिवसांपासून बंद! "रक्त पातळ करायची गोळी आहे म्हणे. शेजारी म्हणाले, रक्त पातळ झालं तर अंगात राहणार काय?" आपल्याकडे पातळ रक्त म्हणजे अशक्तपणा. (जुने औषध वॉरफरिन हे १९४८ पासून उंदीर मारण्यासाठी विकले जात असे आणि १९५४ पासून माणसांना दिले जाऊ लागले, सुदैवाने हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.) आम्ही त्यांना रिक्षात घालून त्याच डॉक्टरबाईंकडे नेले. "पातळ हा शब्द आमचाच चुकतो," त्या म्हणाल्या. "रक्त आहे तेवढंच दाट राहतं. ते लवकर साकळत नाही, एवढंच." चिठ्ठीच्या मागे त्यांनी मराठीत लिहून दिले: गोळी केव्हा, किती, हिरड्यांतून रक्त आले, काळी शौच झाली, डोक्यावर पडलात तर काय करायचे, आणि मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

तीन महिने उलटले. तपासणी करून डॉक्टरबाईंनी गोळ्या थांबवल्या आणि काका काठी टेकत मिशन बंगल्यावर आले. पोटरीच्या दुखण्याबद्दल आम्ही त्या दिवशी काय म्हणालो होतो, ते आम्ही त्यांच्यासमोर उच्चारले. उच्चारायला तीन महिने लागले होते.

"तुम्ही काय डॉक्टर आहात, फादर?" ते हसून म्हणाले.

"डॉक्टरांना दाखवा, एवढं तरी म्हणायला हवं होतं."

ते गप्प राहिले. नाही म्हणाले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "स्टेशनजवळच्या त्या मुलाला परवाच प्लास्टर घातलंय. त्याच्या आईला कुणी काही सांगितलं असेल का?"

दुसऱ्या दिवशी सकाळची मिस्सा आटोपल्यावर आम्ही दोघे त्या घरी निघालो. डॉक्टरबाईंची चिठ्ठी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती.