वाटून घेतलेली लक्षणे

कोठीच्या पदपथावर जुन्या पुस्तकांचे ढीग लागत, हे हैदराबादेतल्या मराठी घरांना नव्याने सांगावयास नको. उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालय जवळच असल्याने त्यांत वैद्यकाचे जाडजूड ग्रंथही हमखास सापडत. १९९५ च्या पावसाळ्यात ग्रंथसंग्रहालयातून परतताना असाच एक ग्रंथ मी उभ्याउभ्या चाळला. जठराच्या कर्करोगाचे प्रकरण उघडले. कोणा विद्यार्थ्याने लक्षणांखाली लाल पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्या. वाचता वाचता माझा हात थरथरू लागला. त्यांतले एकही लक्षण मला अपरिचित नव्हते. आदल्याच वर्षी अण्णा, माझे वडील, याच रोगाने गेले होते.

थोडे खाताच पोट भरल्यासारखे वाटणे, हे आईला ठाऊक होते. तीन पोळ्या खाणारे अण्णा दीड पोळीवर आले, तेव्हा ती म्हणाली, "वय झालं, आता कमी जेवलेलंच बरं." वजन घटणे सुलतान बाजारातल्या शिंप्याला ठाऊक होते. वर्षभरात त्याने दोनदा त्यांच्या विजारीची कंबर आत घेतली आणि वर त्यांची तारीफही केली. शौचास काळे होते, हे अण्णांनी एकदाच धाकट्या भावाच्या कानावर घातले. अशक्तपणासाठी लोहाच्या गोळ्या चालू होत्या. त्यांनी असे होतेच, म्हणून तोही निश्चिंत राहिला. परंतु उतारवयातल्या पुरुषाचे रक्त कमी व्हावेच का, हा प्रश्न कोणीच विचारला नाही.

छातीतली जळजळ माझ्या वाट्याला आली होती. आम्लपित्ताच्या गोळ्या मीच आणून देत असे. "अण्णा, एकदा डॉक्टरांना दाखवू या," असे मी दोनतीनदा म्हटले. "अरे, पित्त आहे. आमच्या वडिलांनाही होतं," एवढेच उत्तर मिळे. आजोबा अठ्ठावन्नाव्या वर्षी 'पोटाच्या दुखण्याने' गेले होते. सख्ख्या नात्यात हा रोग असल्यास धोका वाढतो, हे तेव्हा आम्हांस कोठून कळावे? गोळीने बरे वाटे आणि बरे वाटले की विषय संपे. गोळीने जळजळ शमली, तरी दुखणे साधे असल्याचा तो पुरावा नव्हे; उलट रोग झाकला जाण्याची भीती असते.

शेवटी डॉक्टरांनी डाव्या गळपट्टीच्या हाडामागच्या खळग्यात बोटे फिरवली आणि ते गप्प झाले. तेथे गाठ होती. दुर्बिणीच्या तपासणीने उरलेले सांगितले. त्यानंतर अण्णा चार महिने राहिले. म्हणजे लक्षणे लपलेली नव्हती. आम्ही ती घरात वाटून घेतली होती. प्रत्येकाजवळ एकेक होते. ती एकत्र मांडणारे कोणी नव्हते.

याच १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जंतूची कर्करोगकारकांत गणना केली. हा जंतू शोधणाऱ्या बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन वैद्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू असंख्य लोकांच्या जठरात असतो. कर्करोग त्यांतल्या थोड्यांनाच होतो.

तेव्हा प्रत्येक ढेकरेला घाबरण्याचे कारण नाही. बहुतेकांचे पित्त हे पित्तच असते. मात्र पंचावन्नीच्या पुढे अपचन नव्याने सुरू होऊन टिकले, किंवा कोणत्याही वयात घास अडकू लागला, वारंवार उलट्या झाल्या, वजन विनाकारण उतरले, शौचास काळे झाले, रक्त कमी निघाले, तर गोळीवर भागवू नये. दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. रोग जठराच्या आतल्या थरापुरता असताना सापडला, तर तो बरा होण्याची आशा मोठी असते.

तो ग्रंथ मी त्या दिवशी विकत घेतला. आजही तो कपाटात आहे. मध्यंतरी मलाच जळजळ सुरू झाली. "पित्त आहे," मी सवयीने म्हणालो. सूनबाईने कागद घेतला आणि जेवण, वजन, शौच, थकवा असे एकेक विचारून लिहून काढले. "बाबा, उद्या सकाळी काही खाऊ नका, तपासणीला जायचंय," ती म्हणाली. व्रण निघाला, जंतूही निघाला. चौदा दिवस औषध घेतले.

तो कागद मी त्या ग्रंथात, लाल रेघांच्या पानावर, ठेवला आहे.