जीव अडकलेला मँडरिन

बेला बार्टोकच्या ‘मिरॅक्युलस मँडरिन’चा सुइट मी कित्येक वर्षं हेडफोनवर ऐकत होतो. जेमतेम वीस मिनिटांचा ऐवज. शेवटी मँडरिन मुलीच्या मागे धावतो, अख्खा ऑर्केस्ट्रा उधळतो आणि खाडकन सगळं थांबतं. मला वाटायचं, गोष्ट इथेच संपते.

गोष्ट मेन्यहेर्ट लेंगेलची. तीन भामटे एका मुलीला खिडकीत उभं करतात. भुलून वर येईल त्याला लुटायचं. ती तीनदा खुणावते, तिन्ही वेळा क्लॅरिनेट. आधी एक कफल्लक म्हातारा, मग बुजरा पोरगा, दोघांनाही हाकलतात. तिसरा हा चिनी अधिकारी. ट्रॉम्बोन घसरत घसरत त्याला आत आणतात. (चिनी माणूस म्हणजे काहीतरी गूढ, हा त्या काळचा युरोपी चष्मा खटकतोच.) १९२६ साली कलोनला पहिला प्रयोग झाला आणि महापौर कोनराड आडेनाउअर यांनी, पुढे पश्चिम जर्मनीचे चान्सलर झाले तेच, दुसरा होऊ दिला नाही. १९२८मध्ये बुडापेस्टला सुइट वाजला. रंगमंचावर वाटा बंद झालेल्या संगीताला मैफलीत जागा मिळाली.

पूर्ण बॅले मी ऐकला आजी गेली त्या वर्षी. पाठलागानंतर भामटे मँडरिनला उशांखाली गुदमरवतात, तलवार खुपसतात, दिव्याला टांगतात. तो मरतच नाही. त्याचं अंग हिरवट-निळं उजळतं, शब्दांवाचून कोरस गाऊ लागतो. शेवटी मुलगी त्याला मिठीत घेते. मग कुठे जखमांतून रक्त येतं, आणि तो मरतो.

आमच्याकडे याला म्हणतात, जीव अडकलाय. आजीचाही अडकला होता. सहा दिवस पोटात चमचाभर पाणी, बस्स. आत्या म्हणत होती, धाकट्याला बोलवा. जमिनीच्या भांडणापासून काका घरात आला नव्हता. कळवायची गरज नाही, असं म्हणणाऱ्यांत मी पुढे होतो. शेवटी आत्याने मला न विचारता फोन केला. काका पहाटेच्या एसटीने आला, आजीजवळ बसला. मी चहा टाकायला आत गेलो होतो.

मैफलीत टाळ्या पाठलागालाच पडणार. सुइट म्हणून तो शेवट चोखच आहे. पण त्या दहा मिनिटांशिवाय तो मला आता ऐकवत नाही.