चार टायर आणि एक लॅपटॉप

यंदा जून महिनाभर आमच्या घरात एकच विषय चालला होता. पप्पांच्या गाडीचे टायर बदलायचे की नाही, आणि बदलायचे तर कोणते? साहित्य मंडळाच्या अंकात टायरवर लेख कशाला, असं काहींना वाटेल. पण खरं सांगते, या महिन्यात मी टायरच्या कडेवरची अक्षरं जितक्या बारकाईनं वाचली तितकी एकही कविता वाचली नसेल. पप्पांना चष्म्याशिवाय ती दिसत नाहीत आणि चष्मा लावून गाडीखाली वाकायला त्यांना आवडत नाही, म्हणून वाचनाचं काम माझ्याकडे आलं.

गाडी म्हणजे अबार्थ पुंटो. फियाटनं ती २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये भारतात आणली, पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात बनवून. वरून साधी पुंटो, आत १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक. शून्यापासून शंभरचा वेग ८.८ सेकंदांत, असा कंपनीचा दावा. पुढं विंचवाचं चिन्ह, कारण कार्लो अबार्थ यांची रास वृश्चिक. पक्के शौकीन हिला स्पोर्ट्‌स कार म्हणणार नाहीत, कारण हिला पाच दारं आहेत आणि मागच्या सीटवर आजी नीट बसू शकते. पण दहा लाखांच्या आसपास असं इंजिन तेव्हा दुसरं कोणी देत नव्हतं. पप्पांनी ती २०२१ मध्ये सेकंडहँड घेतली. तोवर फियाटनं इथे गाड्या विकणं बंद केलेलं होतं. आई म्हणाली, "कंपनी गेली आणि तुम्ही आलात."

गाडी फार फिरलेली नाही, त्यामुळे टायर मूळचेच होते. नक्षीही छान शिल्लक होती. टायरच्या खोबणीत मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की १.६ मिलिमीटर उरली आणि टायर संपला असं समजायचं. आमच्याकडे तिथपर्यंत बराच अवकाश होता. पप्पांचा सगळा युक्तिवाद या उंचवट्यांवर उभा होता. "हे बघ, अजून दोन वर्षं आरामात."

माझा युक्तिवाद चार आकड्यांवर उभा होता. टायरच्या कडेवर 'डीओटी' अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते, तिच्या शेवटी एका लांबट चौकटीत चार आकडे. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. आमच्या टायरवर २२१६ होतं, म्हणजे २०१६ सालचा बाविसावा आठवडा. बहुतेक कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही उरलेली असली तरी काढून टाका. रबर ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यांनी कडक होत जातं. गाडी उभी असली तरी हे चालूच राहतं. हैदराबादचा मे महिना ज्यांनी उघड्या पार्किंगमध्ये काढलेला आहे त्यांना हे जास्त समजावायला नको. नक्षी असते, पण रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरत नाही. कोरड्यात कळत नाही. ओल्यात कळतं.

आम्हाला ते बेगमपेटच्या उड्डाणपुलावरून उतरताना कळलं, पहिल्या पावसात. वेग जेमतेम पन्नास. पुढची बस थांबली, पप्पांनी ब्रेक दाबला, एबीएस पायाखाली खडखडायला लागलं आणि गाडी आपली पुढंच. बसच्या मागच्या बंपरपासून हातभर अंतरावर थांबली. पप्पा काही बोलले नाहीत. रेडिओ मात्र त्यांनी बंद केला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ब्रेक गाडी थांबवत नाही, ब्रेक फक्त चाक थांबवतो. गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यामधल्या घट्टपणामुळे, आणि एका टायरचा जमिनीला टेकलेला भाग साधारण तळहाताएवढा असतो. म्हणजे चार तळहात. तेवढ्यावर सगळं कुटुंब चाललेलं असतं. ताशी ८० किलोमीटरला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. त्यात रस्त्यावर पाणी असलं, की आधी ते पाणी खोबणींतून बाजूला सारायचं आणि मग उरलेल्या ओल्या डांबराला धरायचं, अशी दोन कामं टायरला करावी लागतात. पहिलं काम नक्षी करते, दुसरं रबर. पप्पा पहिल्याबद्दल बोलत होते, मी दुसऱ्याबद्दल.

एरवी ही भांडणं दिवाळीपर्यंत लांबली असती. पण जुलैत वसईला जायचं होतं. आमचं मूळ गाव गास. तिथे आजीच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, आणि नंतर तिला दोन महिन्यांसाठी हैदराबादला आणायचं. विमानाला ती नाही म्हणते, रेल्वेचा वरचा-खालचा बर्थ तिला झेपत नाही. म्हणजे गाडी. सदाशिवपेट, जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, सोलापूर, पुणे आणि मग भर पावसात खंडाळ्याचा घाट. जाताना तीन माणसं, येताना चार आणि आजीच्या पिशव्या.

पैशाचा प्रश्न वेगळा. चांगले चार टायर म्हणजे तीस हजारांच्या आसपास. आईनं ईस्टरपासून बाजूला ठेवलेले बत्तीस हजार होते, ते माझ्या लॅपटॉपसाठी. माझा जुना लॅपटॉप चार्जर काढला की सात मिनिटं जगतो. एमएच्या प्रवेशपरीक्षेची तयारी त्यावर करायची होती. तेव्हा नवे टायर हवेत म्हणून मी वाद घालत होते तो स्वतःच्याच लॅपटॉपविरुद्ध. आईनं हे माझ्या आधी ओळखलं होतं. ती एवढंच म्हणाली, "डॅशबोर्डवर संत क्रिस्तोफर आहे ना?" मी म्हटलं, बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडताना त्यालाही तळाशी पाय रोवावे लागले होते, काठीही लागली होती. यावर ती हसली आणि कपाट उघडलं.

मग शोध सुरू झाला. मूळ माप १९५/५५ आर १६, पुढं ८७ व्ही. १९५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे कडेची उंची त्या रुंदीच्या ५५ टक्के, सुमारे १०७ मिलिमीटर. १६ हा रिमचा व्यास, इंचांत. (एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. ही भाषा कोणी बनवली असेल त्याला आमच्या व्याकरणाच्या सरांसमोर उभं करायला हवं.) ८७ हा भाराचा आकडा, एका टायरला ५४५ किलो. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा वेग. त्या वेगानं पप्पा जाणार नाहीत, पण जास्त वेगासाठी बनलेला टायर उष्णता जास्त सोसतो.

सिकंदराबादला पहिल्या दुकानात गेलो. दुकानदार पप्पांशीच बोलत होता, प्रश्न मी विचारले तरी उत्तर पप्पांना. "हौ साब, ये तो बलेनो का साइज है, आय-ट्वेंटी का भी. भौत पडे है." इथेच गोम होती. माप सामान्य असल्यानं टायर ढीगभर मिळतात, पण त्यांतले बरेचसे मायलेज डोळ्यासमोर ठेवून बनवलेले. टायर हलका फिरावा, पेट्रोल वाचावं, ५०-६० हजार किलोमीटर चालावा. त्यासाठी रबर जरा कडक ठेवतात. नव्वद अश्वशक्तीच्या गाडीला ते पुरतं. १४५ अश्वशक्ती पुढच्या दोन चाकांतून जात असेल आणि चाक घसरलं तर इंजिनाला आवरणारं इलेक्ट्रॉनिक्स गाडीत नसेल, तर नाही पुरत. दुसरं टोक म्हणजे अगदी मऊ, चिकट रबराचा टायर. तो ट्रॅकवर छान, पण आपल्या रस्त्यावर लवकर संपतो, आणि या मापात इथे सहज मिळतही नाही. रबरात सिलिका जास्त असली की ओल्या रस्त्यावरची पकड सुधारते आणि टायर फिरायलाही हलका राहतो. आम्हाला हवा होता तो असा मधला.

त्याच दुकानदारानं चकचकीत काळा पॉलिश मारलेला एक टायर पुढं सरकवला, "एकदम नवा माल." मी वाकून चार आकडे वाचले. तीन वर्षांपूर्वीचा होता. मी तारीख मोठ्यानं वाचल्यावर तो पहिल्यांदा माझ्याकडे वळून म्हणाला, "आप नक्को बोले तो नक्को." हैदराबादी बोलीतला हा 'नक्को' आपल्या मराठीतून तिकडे गेलेला. त्या क्षणी मला तो माहेरचा शब्द वाटला.

दुसऱ्या दुकानात पप्पांचा जीव २०५ वर गेला. रुंद टायर गाडीला शोभतो, हे खरंच. २०५/५५ घेतला तर व्यास सुमारे ६२१ वरून ६३२ मिलिमीटर होतो. फरक दोन टक्क्यांच्या आत, म्हणजे स्पीडोमीटर फार खोटं बोलणार नाही. पण टायर जड, स्टिअरिंग जरा सुस्त, चाकाच्या कमानीत जागा कमी. शिवाय रुंद टायरचं वजन जास्त जागेवर पसरतं, त्यामुळे साचलेल्या पाण्यावर तो तरंगायला लागण्याची शक्यता वाढते. पप्पांना मी म्हटलं, आपल्याला खंडाळ्यात जायचंय, लग्नाच्या वरातीत नाही. ते रुसले. पण मूळ मापच ठरलं.

आणखी एक वाद झाला तो दोन की चार यावर. पप्पांचं म्हणणं, इंजिनाचा जोर पुढं, तर नवे दोनच घेऊन पुढं लावू, बाकीचे पुढच्या वर्षी. ऐकायला बरोबर वाटतं. पण टायर बनवणाऱ्या कंपन्या उलट सांगतात, दोनच नवे घेतले तर ते मागं लावा. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जायला लागते, पाय उचलला की बहुतेकदा सावरते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणं पप्पांचं काम नाही, माझं तर नाहीच. आईनं यावर एकच प्रश्न विचारला, आजी कुठे बसणार? मागं, असं सांगितल्यावर चारही घ्यायचे ठरले.

मधल्या काळात पप्पांनी फॉर्म्युला ईचा विषय काढला. ११ फेब्रुवारी २०२३ ला हुसेनसागराकाठी ती शर्यत झाली, भारतातली पहिलीच. लुंबिनी पार्क, एनटीआर गार्डन या भागातले नेहमीचे रस्ते वळवून २.८३ किलोमीटरचा, १८ वळणांचा ट्रॅक केला होता. आम्हाला तेव्हा वाहतुकीच्या कोंडीशिवाय काही मिळालं नाही. जिंकला ज्याँ-एरिक व्हर्न. दुसऱ्या वर्षीची शर्यत रद्द झाली ती झालीच. पण मला वाचताना एक गोष्ट आवडली. फॉर्म्युला वनमध्ये कोरड्यासाठी गुळगुळीत टायर आणि पावसासाठी खोबणीचे वेगळे. फॉर्म्युला ईमध्ये ऊन असो की पाऊस, एकच खोबणीचा टायर, तोही १८ इंची रिमचा, रस्त्यावरच्या गाडीसारखा. त्या मोसमापासून हँकूक कंपनी ते पुरवायला लागली. म्हणजे आपल्या टँकबंडच्या शेजारून जगातले वेगवान लोक जे टायर घालून गेले, ते स्वभावानं आमच्या टायरचेच नातेवाईक. हे ऐकून पप्पांचा २०५ चा रुसवा बराच उतरला.

भाषेची विद्यार्थिनी म्हणून एक अवांतर. इंग्रजीतला 'टायर' हा बहुधा 'अटायर'वरून आला, म्हणजे चाकाचा पोशाख. आपल्याकडे बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात तिला 'धाव' म्हणतात. पट्टी आगीत लाल करायची, चाकावर बसवायची, पाणी ओतलं की ती आवळून घट्ट होते. आजीनं हे लहानपणी पाहिलेलं आहे. आम्ही कोणते टायर घेतले हे फोनवर सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "धाव बदलली का?" माझ्या महिनाभराच्या वाचनात हा शब्द कुठेच आलेला नव्हता.

शेवटी तिसऱ्या दुकानात माल मिळाला. चारही टायर एकाच आठवड्याचे, बनून चार महिनेसुद्धा झाले नव्हते. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम देत नाही, मॉडेलं बदलत राहतात. तुम्ही माप, भार-वेगाचा आकडा आणि तारीख वाचा. अलाइनमेंट, बॅलन्सिंग धरून एकोणतीस हजार सहाशे. नायट्रोजन भरण्याचे वेगळे पैसे सांगितले, ते नको म्हटलं, कारण साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकट असतो. टायरच्या कडेला 'बाहेरची बाजू' असं इंग्रजीत छापलेलं होतं, ती चारही चाकांना खरंच बाहेर आली का हे मी फिरून तपासलं. नव्या टायरवर साच्यातून सुटायला लावलेल्या तेलकट द्रव्याचा थर राहतो, म्हणून पहिले दोनेकशे किलोमीटर जपून चालवायचं. पप्पा रोज संध्याकाळी बोलारमपर्यंत जाऊन येतात आणि किलोमीटर वहीत लिहितात.

लॅपटॉपसाठी आता दोन हजार चारशे रुपये शिल्लक आहेत. तोवर कॉलेजच्या लायब्ररीतला खिडकीजवळचा कॉम्प्युटर, सकाळी साडेनऊच्या आत पोचलं तर.

सध्याचा वाद स्टेपनीचा आहे. हा शब्दही मजेदार. वेल्समधल्या लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर जादा चाक बनवणारी कंपनी होती, तिचं नाव तिकडे लोक विसरले, आपण मात्र अजून वापरतो. आमच्या डिकीतली स्टेपनी एकदाही जमिनीला लागलेली नाही, नक्षी पूर्ण, रबरावरचे केससुद्धा शाबूत. पप्पा म्हणतात नवीच आहे. मी काल टॉर्च घेऊन आकडे वाचले: २२१६. निघायला नऊ दिवस आहेत.