अंगठा वर करा

काचेची बांगडी एकाच जागी मोडून दाखव, असं मी नव्या रेसिडेंट डॉक्टरांना सांगतो. ओटीपोटाभोवतीच्या हाडांचं कडंही तसंच असतं. एक्स-रेत पुढे जघनास्थीला तडा दिसला की दुसरी मोड मागे शोधायचीच, माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीत नाहीतर तिच्या सांध्यात. पुढची मोड चटकन दिसते. घात करते ती बहुधा मागची. तिथे हाडाला लगटून शिरांचं जाळं पसरलेलं असतं आणि पायाकडे, लघवीच्या पिशवीकडे, गुदद्वाराकडे जाणाऱ्या नसाही तिथूनच निघतात. रक्त आणि नसा असे एकमेकांच्या शेजारी, पण दुखापत झाल्यावर त्यांचं वागणं अगदी उलटं.

रक्त सगळ्यांना पळायला लावतं. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं, आणि पोटामागच्या त्या पोकळीत ४ लिटरपर्यंत रक्त साठू शकतं, बाहेर एक थेंबही न दिसता. उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेला किंवा दुचाकीवरून उडालेला माणूस येतो तो पांढराफटक, घामाने थबथबलेला, नाडी जेमतेम लागणारी. सोबतचा मामा म्हणतो, “डॉक्टर, खरचटण्यापलीकडं काही नाही, रक्त तर गेलंच नाही.”

यातलं बहुतेक रक्त शिरांतून आणि मोडलेल्या हाडातून झिरपत असतं. त्याला दाब कमी असतो, म्हणून उघडलेलं कडं मिटवलं की पुष्कळदा ते आवरतं. त्यासाठी बाइंडर, म्हणजे ओटीपोटाभोवती आवळायची रुंद पट्टी. तो बांधायचा मांडीच्या वरच्या टोकाला, बाहेरच्या बाजूने हाताला हाड लागतं तिथे, म्हणजे पँटच्या बाजूच्या खिशाच्या रेषेत. लोक बांधतात कंबरेला, पट्टा बांधतात तसा, आणि त्याचा उपयोग होत नाही. बाइंडर नसेल तर चादर चालते. नऊवारी लुगडं त्याहून बरं, लांबीला कमी पडत नाही. गुडघे एकत्र बांधायचे, पावलं आत वळवून ठेवायची आणि हाड हलतंय का हे पाहायला कुणी कंबर दाबून बघत असेल तर त्याचा हात धरायचा. एक सापळा मात्र ध्यानात ठेवावा लागतो. बाइंडर छान बसला तर एक्स-रे जवळजवळ साधा दिसतो आणि नवखा डॉक्टर निर्धास्त होतो.

धमनी फाटली असेल तर गोष्ट वेगळी. कुल्ल्याकडे जाणारी धमनी मागच्या हाडाच्या खाचेतून बाहेर पडते आणि तिथेच कापली जाते. अशा धमनीत नळी घालून ती आतूनच बुजवायची पद्धत १९७२ पासून वैद्यकीय वाङ्मयात आहे; पण रात्री दोन वाजता त्यासाठी कॅथलॅब आणि माणूस दोन्ही हजर असणं ही मोठ्या शहरातली चैन. आमच्यासारख्या ठिकाणी ओटीपोट खालून उघडून, पोटाच्या पडद्याच्या बाहेर मोठे मॉप ठासून भरायचे, आणि रक्त, प्लाझ्मा, प्लेटलेट बरोबरीने चढवत राहायचं. रक्तस्राव आवरणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड पहिल्या तीन तासांत द्यायचं. त्याने मृत्यू कमी होतात हे २०१० सालच्या क्रॅश-२ चाचणीने, वीस हजारांवर जखमींवर, दाखवलं; तीन तासांची मर्यादा तिच्या नंतरच्या विश्लेषणातून आली. माणूस वाचला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आम्ही रक्त गोठू नये म्हणून हेपारिनचं इंजेक्शन सुरू करतो, कारण आता भीती पायाच्या खोल शिरांत होणाऱ्या गुठळीची. नातेवाईक चक्रावतात. “काल रक्त थांबवत होता, आज पातळ करताय?” प्रश्न रास्त आहे.

या सगळ्या धावपळीत नस गप्प असते. तिच्यामुळे बीपी उतरत नाही, मॉनिटर वाजत नाही. म्हणून माझा एक हट्ट आहे, आणि भूलतज्ज्ञ मित्र त्यावरून वैतागतात. शुद्ध असलेल्या पेशंटच्या घशात नळी घालण्याआधी मला अर्धं मिनिट हवं. “दादा, पायाचा अंगठा वर करा. आता खाली दाबा. इथं हात लागलेला कळतोय?” दोन्ही पाय. आणि उत्तर वेळेसकट केसपेपरवर. एकदा भूल दिली की पुढे किती दिवस उत्तर मिळणार नाही, सांगता येत नाही. नंतर पाऊल लुळं सापडलं, तर ते अपघातात गेलं, हाड ओढून बसवताना गेलं की ते जखडणाऱ्या आमच्या स्क्रूने गेलं, हे कुणालाच ठरवता येत नाही. स्क्रूने गेलं असेल तर तो लगेच काढावा लागतो. उत्तर हवं ते त्यासाठी. कोर्टाची भीती हे दुय्यम कारण.

अंगठाच का? कंबरेची पाचवी नस त्रिकास्थीच्या खांद्यावरून खाली उतरते. उंचावरून पडून अर्धं कडं वर सरकलं की ती तिथे ताणली जाते, आणि अंगठा वर उचलणारा स्नायू मुख्यतः तिच्या ताब्यात असतो. डेनिस आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली त्रिकास्थीच्या मोडीचे तीन पट्टे पाडले. बाहेरच्या पट्ट्यात नसांची इजा सुमारे ६ टक्के, नसांच्या छिद्रांतून जाणाऱ्या मोडीत २८, आणि मधल्या पट्ट्यात ५७.

मधल्या पट्ट्यात पायापेक्षा लघवी, शौच आणि कामजीवन यांच्या नसा सापडतात, आणि तिथे आमचं सगळ्यांचं हात आखडता घेणं सुरू होतं. लघवीची नळी घातलेलीच असते, त्यामुळे पिशवी काम करते की नाही हे ती काढेपर्यंत कळत नाही. गुदद्वाराभोवतीची संवेदना तपासायची राहते. पेशंटला कुशीवर वळवता येत नाही हे खरं कारण, आणि संकोच हे त्याहून खरं. पुढे ओपीडीत तरुण पेशंट येतो तेव्हा सोबत आई, चुलते, मेहुणा. प्रश्न त्याला, उत्तरं आईची. सगळे बाहेर पडल्यावर तो दारातून मागे वळतो आणि विचारतो, “डॉक्टर, बाकी सगळं नीट होईल ना?”

या ‘बाकी सगळं’मध्ये काय आहे ते दोघांनाही ठाऊक असतं. इथे रक्त आणि नस पुन्हा एकत्र येतात. ताठरता जाते ती कधी नसेमुळे, कधी त्या भागाला रक्त पुरवणाऱ्या धमनीला इजा झाल्यामुळे, कधी दोन्हींमुळे, आणि लघवीची वाट फाटलेली असेल तर शक्यता वाढते. औषधं आहेत, काहींना गुण येतो, वेळही द्यावा लागतो. पण हे सांगायला विषय निघायला हवा. बायका तर दारातून वळतही नाहीत. संबंधाच्या वेळी दुखतं, बाळंतपण होईल का, हे त्या मनातच ठेवतात. खरं तर कडं नीट जुळलेलं असेल तर पुष्कळजणी नैसर्गिक बाळंत होतात. म्हणून मी आता नातेवाइकांना औषधं आणायला धाडतो आणि आपणहून विचारतो.

नुसती दबलेली किंवा ताणलेली नस आठवड्या-महिन्यांत जागी होते. आतले तंतू तुटले असतील तर ते रोज सुमारे १ मिलिमीटर वाढतात. त्रिकास्थीपासून नडगीच्या स्नायूपर्यंत पाऊण मीटरच्या आसपास अंतर. हिशेब दोन वर्षांवर जातो, आणि तोवर स्नायू वाळून जायला लागलेला असतो. “कधी?” या प्रश्नावर मी हा हिशेब मांडतो, तारीख देत नाही.

तोवर पाऊल उचलून धरायला प्लॅस्टिकचा स्प्लिंट. तो बुटात बसतो, आमचा पेशंट चपलेत असतो, आणि पावसाळ्यात चिखलात दोन्ही चालत नाहीत. मग शस्त्रक्रियेची विचारणा होते. नडगीमागचा स्नायू पुढे वळवून पाऊल उचलायला लावण्याची शस्त्रक्रिया आपल्याकडे कुष्ठरोग्यांच्या लुळ्या पावलांवर पुष्कळ झाली आहे. कुष्ठरोगात नस गुडघ्याजवळ जाते, तो स्नायू शाबूत राहतो. खुबा निखळून कड्याबाहेरची नस गेली असेल तरी बहुधा शाबूत असतो. पण मुळाशीच कंबरेची पाचवी नस गेली असेल तर तो स्नायूही दुबळा, आणि वळवायला काही उरत नाही. म्हणून मी आधी पाऊल आत वळवून बघायला सांगतो. वळलं नाही, तर स्प्लिंट किंवा घोटा कायमचा जखडून टाकणं एवढंच हाती राहतं. जखडलेल्या घोट्याने उकिडवं बसणं अवघड, आणि ज्याचं शेतातलं निम्मं काम उकिडवं बसून होतं त्याला यातलं काय सोसेल, हे ठरवण्यात घरच्यांचे आणि आमचे ओपीडीतले एक-दोन सोमवार जातात.